मागे कोण लागलंय?

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पनागर आणि गोसलपूर मागे पडलं की सिहोरा येतं. भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या बाजूलाही एक सिहोरा आहे. ते हे नव्हे. हे जबलपूर जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. रेल्वेच्या पाटीवर त्याचं नाव ‘सिहोरा रोड’ असं लिहिलेलं आहे. स्टेशनच्या नावात ‘रोड’ आला की समजावं, गाव अजून थोडं पुढे आहे, उतरल्यावर पायांची तयारी ठेवा, असं रेल्वेनं सभ्य शब्दांत कळवलेलं आहे.

जबलपूर ते सिहोरा अंतर साधारण चाळीस किलोमीटर. यात काय विशेष, असं बसच्या खिडकीशी बसलेल्याला वाटेल. पण १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक पहिल्यांदा भरलं, तेव्हा मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत जी शर्यत लावली गेली तीही एवढीच होती, सुमारे चाळीस किलोमीटर. बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर हे लचांड नंतरचं. १९०८ साली लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघावी आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या बैठकीसमोर संपावी असं ठरलं, त्यात अंतर वाढलं, आणि राजवाड्याच्या सोयीचा तो हिशेब १९२१ साली सगळ्या जगाच्या पोटऱ्यांना लागू झाला. मूळ मापानं बघायला गेलं तर जबलपुरातून निघून सिहोऱ्याच्या बसस्टँडवर धापा टाकत पोचलेला माणूस ऑलिंपिकचा मॅरेथॉनवीरच. स्पिरिडॉन लुईस या ग्रीक पाणक्यानं ते अंतर २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत तोडलं होतं. वाटेत त्यानं पेलाभर वाइन घेतली अशी आख्यायिका आहे. जबलपूरकडच्या रस्त्यावर वाइनची सोय नसली तरी हा सगळा मुलूख मटारचा. थंडीच्या दिवसांत एका हातानं शेंगा सोलत पळता येईल.

अडचण वेगळीच आहे. जबलपूरकडची हिंदी मराठी कानाला अर्धी ओळखीची वाटते, कारण तिथं ‘क्यों’च्या जागी सर्रास ‘काय’ म्हणतात, आणि समोरचा कोणीही असो, तो ‘बड्डे’ असतो. त्यामुळे हा आपला मॅरेथॉनवीर पहाटे रस्त्याला लागला की पहिल्याच चहाच्या टपरीवरून आवाज येणार: “काय बड्डे, कहाँ भागे जा रए?” आणि दुसऱ्या टपरीवरून जरा काळजीनं: “कोई पीछे पड़ा है क्या?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. भाषेनंच तो विचारायला शिकवलेला आहे. हिंदीत ‘भागना’ म्हणजे धावणंही आणि पसार होणंही. मराठीत तर ‘पळणे’ या क्रियापदाचं सगळं खानदानच संशयास्पद. पळ काढणे, पळवाट, पळपुटा, पळवापळवी, पळून जाऊन केलेलं लग्न. यातला एकही शब्द कुणाच्या सत्कारात वापरता येत नाही. ‘ते मोठ्या पदावरून पळाले’ असं म्हटलं की मागे चौकशी लागलेली असणारच. त्यामुळे पन्नाशीचा, चष्मा लावलेला, बँकेत जबाबदारीच्या जागेवर असलेला माणूस हाफपँट घालून रस्त्यानं पळताना दिसला, तर बघणाऱ्यानं आधी त्याच्या मागे बघावं हे रीतसरच आहे. कुत्रं असेल, वसुलीवाला असेल, मेव्हणा असेल.

मराठी इतिहासातली सगळ्यात लांब पल्ल्याची शर्यतही या क्रियापदाच्या नावावरच जमा आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि दुसरे बाजीराव जे निघाले ते ३ जून १८१८ ला असीरगडाजवळ इंग्रजांच्या माल्कमच्या स्वाधीन होईपर्यंत थांबले नाहीत. सात महिने. मध्ये कोरेगाव झालं, आष्टी झाली. याच धामधुमीत, १८१७ च्या डिसेंबरात, जबलपूरही नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेलं. इतिहासानं बाजीरावांच्या नावामागे ‘पळपुटे’ ही पदवी लावली ती अजून निघालेली नाही. पण हल्लीच्या धावकांच्या नजरेनं या नोंदी वाचल्या तर चित्र निराळं दिसतं. शर्यत संपल्यावर बक्षीस म्हणून वर्षाला आठ लाखांचा तनखा, मुक्कामाला गंगाकाठचं बिठूर, आणि आयुष्य किती? जन्म १७७५, मृत्यू १८५१. पळणं हृदयाला चांगलं असतं असं डॉक्टर सांगतात, त्याला याहून जुना मराठी पुरावा मिळणं कठीण.

सिहोऱ्यावरून पुढे जाणाऱ्या रस्त्यालाही पळण्याचा असाच इतिहास आहे. हा जुना मिर्झापूरचा रस्ता. सिहोरा सोडून कटनीच्या दिशेला गेलं की स्लीमनाबाद लागतं, ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनच्या नावाचं. १८३० च्या दशकात त्यानं जबलपुरात ठाण मांडून ठगांचा पाठलाग केला. त्याआधी या बाजूच्या वाटांवर गोड बोलणारा, गळ्यात रुमाल असलेला सहप्रवासी भेटला तर पळणं हा छंद नव्हता. आता याच रस्त्यावर पळणाऱ्याच्या गळ्यातला रुमाल घाम पुसायला असतो, आणि तोही कुठल्या तरी स्पर्धेत फुकट मिळालेला.

मराठीनं मात्र एक सोय करून ठेवली आहे. तिच्याकडे दोन क्रियापदं आहेत. पळायचं ते कशापासून तरी. धावायचं ते कशाकडे तरी. द्रौपदीसाठी कृष्ण धावला, पळाला नाही. आणि पंढरीच्या वाटेवर वेळापूरला वारकरी धावतात त्याला ‘धावा’ असंच नाव आहे. तिथल्या टेकडीवरून तुकोबांना विठ्ठलाच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले असं सांगतात, त्याची ही आठवण. नगरपालिका, प्रायोजक, टी-शर्ट यांपैकी काहीही नसताना शेकडो वर्षं चालत आलेली ही सार्वजनिक दौड. सत्तरीच्या आजी तुळशी-वृंदावन डोक्यावर सावरत उतारावरून धावतात आणि त्यांना कोणीही विचारत नाही की मागे कोण लागलंय. पुढे कोण उभा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय ‘धावा करणे’ म्हणजे संकटात देवाला हाका मारणे. शहरी धावकाला अठराव्या किलोमीटरला दोन्ही धावे एकाच वेळी करावे लागतात.

तर अशा या घरंदाज आणि बदनाम क्रियापदांच्या मधून हल्लीची गावोगावची ‘मॅरेथॉन’ जाते.

मॅरेथॉन या शब्दाचं मराठीत काय झालं ते एकदा बघण्यासारखं आहे. मंत्रिमंडळाची बैठक चार तास चालली की ती मॅरेथॉन. पाहुण्यांचं भाषण लांबलं की मॅरेथॉन. आणि तालुक्याच्या गावी शिवाजी चौक ते बाजार समिती ही तीन किलोमीटरची शर्यत, तीही ‘भव्य मॅरेथॉन’. फलकावर पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो सहा फूट, त्याच्या खाली कार्यकर्त्यांचे गोल फोटो, आणि अंतर कोपऱ्यात, औषधाच्या बाटलीवर किंमत असते तेवढ्या अक्षरांत. ३१ ऑक्टोबर आला की सरदार पटेलांच्या जयंतीची एकता दौड देशभर निघते. सिहोऱ्यासारख्या तहसिलीच्या गावात काय आणि आपल्याकडच्या तालुक्यात काय, तिचा साचा एकच: पुढे फलक, मागे गणवेशातली शाळकरी मुलं, मध्ये सफारीतले साहेब. साहेब पन्नास पावलं खरोखर धावतात. फोटो निघाला की एकावन्नाव्या पावलाला गाडीचं दार उघडलेलं असतं.

गावच्या शर्यतीत खरे धावणारे दोन जातीचे असतात. पहिली जात भरतीची पोरं. पहाटे साडेचारला हायवेच्या कडेनं ओळीनं जाताना ट्रकच्या उजेडात दिसतात ती. मध्य प्रदेशात, महाराष्ट्रात, कुठल्याही तालुक्याच्या वेशीवर हे दृश्य एकच. त्यांच्या डोक्यात आकडा पक्का कोरलेला असतो. सैन्यभरतीला १.६ किलोमीटर; साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पुरते साठ गुण. महाराष्ट्र पोलिसांत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. ही पोरं पळत नाहीत, नोकरीकडे धावतात. त्यांना ‘एंडॉर्फिन’ विचारलं तर ते कुठल्या अकॅडमीचं नाव आहे असं त्यांना वाटेल. दुसरी जात शुगरवाल्यांची. यांना रिपोर्टनं उठवलेलं असतं. घड्याळ नाडी मोजतं, झोप मोजतं, आणि मालकाचं मन राखत नाही. बूट एवढे महाग की चिखल आला की माणूस स्वतः चिखलातून जातो, बूट कडेनं जावेत अशी त्याची इच्छा असते.

भव्य मॅरेथॉनच्या दिवशी या दोन्ही जाती एका दोरीमागे उभ्या राहतात. एकाला पहिल्या बक्षिसाचे पैसे हवे असतात आणि दुसऱ्याला फोटो. दोघांनाही ते मिळतात. एवढी न्याय्य वाटणी सार्वजनिक जीवनात इतरत्र फारशी आढळत नाही.

या दुसऱ्या जातीतल्या एका काकांच्या घरचं आदल्या रात्रीचं दृश्य जवळून बघू. छातीवर लावायचा नंबर आणलेला आहे, कापडासारख्या न फाटणाऱ्या कागदाचा, चार कोपऱ्यांना चार भोकं. आयोजकांनी पिना दिल्या आहेत तीन. चौथीसाठी काका स्वयंपाकघरात जातात. मराठी घरात सेफ्टी पिनेचं कोठार एकच, काकूंच्या हातातली बांगडी. काकू पीन काढून देतात आणि वर एक वाक्य देतात, “परत आणा हं, साडीची आहे.” मग काका टी-शर्ट अंगात घालून आरशासमोर नंबर लावायला लागतात. आरशात डावं उजवं होतं, नंबर तिरका बसतो, एक पीन आतल्या बनियनला जाऊन भिडते. हे लक्षात येतं टी-शर्ट काढताना, दोन्ही हात वर आणि डोकं आत अडकलेलं असताना. शर्यतीत लागणारा दम किती आहे याची पहिली चाचणी ती. यानंतर ‘कार्ब लोडिंग’. शर्यतीच्या आधी पिष्टमय पदार्थ खावेत हे शास्त्र मराठी माणसाला ऐकताक्षणी पटलं, कारण इतक्या वर्षांत डॉक्टरच्या तोंडून आलेलं पहिलं खाण्याजोगं वाक्य ते. पुरणपोळी चार. जबलपूरकर मराठी घर असेल तर खव्याची जिलेबी. पळायचं असतं गावातल्या गावात, साठा केलेला असतो तिबेटपर्यंतचा.

सकाळी सहाची वेळ. प्रमुख पाहुणे सातला. मधल्या तासात व्यासपीठावरून झुंबा चालतो. एकदा अंग गरम होतं, थंड होतं, पुन्हा गरम होतं. तव्यावरची भाकरी बरी. पाहुणे आल्यावर स्वागत, शाल, श्रीफळ, रोपटं. मग फुगे आकाशात, हिरवा झेंडा खाली, आणि पुढच्या ओळीतली सहावी-सातवीची पोरं गोफणीतून सुटल्यासारखी निघतात. दोनशे मीटरवर तीच पोरं बरगडीला हात लावून कठड्यावर बसलेली असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्या काकांना सल्ले देतात.

रस्त्याच्या कडेला उभे राहणारे लोक हा शर्यतीचा खरा आत्मा, आणि ते एकजात खोटं बोलतात. “शाब्बास काका! आलं आलं, दोनच किलोमीटर राहिलं!” हे तिसऱ्या किलोमीटरला ऐकू येतं, पाचव्याला येतं, आठव्याला येतं. यात दुष्टपणा नाही. आपल्याकडे अंतर सांगण्याची रीतच धीर देण्याची आहे. वाट विचारली तर कोणी किलोमीटर सांगत नाही. ‘हे काय, इथंच’, ‘हाकेच्या अंतरावर’, ‘तंबाखू मळून होतीय तोवर पोचाल’ असं सांगतात. १९२१ पासून मीटरपर्यंत नक्की करून ठेवलेल्या अंतराचं भारतीय रस्त्यावर हे असं होतं.

आडवाटेचा मोहही इथलाच नव्हे. गल्लीतून घुसून पुढच्या चौकात निघणारे, मित्राच्या स्कूटरवरून दीड किलोमीटर मागे टाकणारे, यांचं घराणं थेट पहिल्या ऑलिंपिकपर्यंत जातं. १८९६ ला तिसऱ्या आलेल्या बेलोकासनं काही वाट घोडागाडीतून कापल्याचं निघालं आणि त्याचा नंबर गेला. १९०४ ला सेंट लुईसच्या शर्यतीनं तर कहर केला. फ्रेड लॉर्झ हा गडी दमून मोटारीत बसला, अकरा मैल आरामात गेला, मोटार बिघडली म्हणून उतरला आणि पळत पळत स्टेडियमात पहिला शिरला. पदक गळ्यात पडायचंच काय ते बाकी होतं. ज्याला नंतर विजेता ठरवलं त्या थॉमस हिक्सला त्याच्या माणसांनी वाटेत अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्नीन, म्हणजे उंदराच्या औषधातलं विष, पाजत आणलं होतं. क्यूबाचा पोस्टमन फेलिक्स कार्वाहाल भुकेनं एका बागेत शिरला, सफरचंदं खाल्ली, ती कुजकी निघाली, पोट दुखलं, म्हणून जरा आडवा झाला. उठला, पळाला आणि चौथा आला! बत्तीस निघाले होते, चौदाच पोचले. आता पायाला किंवा नंबराला चिप असते, रस्त्यावर चटया असतात, त्या ओलांडल्या की नोंद होते. त्यामुळे स्कूटरवाले मित्र बेकार झाले. छोट्या गावच्या शर्यतीत चिपेऐवजी हातावर शाईचा शिक्का असतो. तो घामानं पुसला जातो आणि मग निकाल गळ्याच्या जोरावर लागतो.

विनोद बाजूला ठेवून दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना सुरू झाला. १९१९ साली तिथल्या खेळांच्या वेळी अध्यक्ष दोराबजी टाटा होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांनी काय पाहिलं? शेतात राबणारी, साध्या भाकरतुकड्यावर वाढलेली पोरं, अनवाणी, खडीच्या टणक रस्त्यावर वीस-पंचवीस मैल पळत होती, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावकांच्या वेळांच्या शेजारी ठेवता येतील अशा होत्या. टाटांच्या डोक्यात ऑलिंपिक शिरलं ते इथं. १९२० ला अँटवर्पला भारताचा जो चमू गेला त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५० किलोमीटरची, म्हणजे हल्लीच्या मापापेक्षा ५५५ मीटर जास्त; ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब. चौगुले २ तास ५० मिनिटांच्या जरा वर एकोणिसावे आले. ऑलिंपिक मॅरेथॉनमधला भारताचा हा आरंभ गावच्या रस्त्यावरच्या शर्यतीतून झाला, आणि ती शर्यत बघायला नेमका बरोबर माणूस वेळेवर आला होता. प्रमुख पाहुणे वेळेवर आल्याची एवढी फलदायी नोंद दुसरी नसावी.

दुसरी गोष्ट बारामतीची. साठी ओलांडलेल्या लता करे नवऱ्याच्या एमआरआयला पैसे हवेत म्हणून तिथल्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरला उभ्या राहिल्या. नऊवारी लुगडं, पाय अनवाणी. आजूबाजूला बूट आणि ट्रॅकपँट. बक्षीस पाच हजारांचं होतं आणि तपासणीला तेवढेच हवे होते. त्या पहिल्या आल्या. पुढे २०२० साली त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट आला, त्यात त्यांची भूमिका त्यांनीच केली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. कार्बनच्या तळव्याचे बूट घालून आठ सेकंद वाचवणाऱ्यानं हा परिच्छेद वाचून बूट विकायचे कारण नाही. पण पुढच्या वेळी ‘माझ्या सॉक्समुळे टायमिंग गेलं’ हे वाक्य जरा हळू आवाजात म्हणावं.

आपल्याकडे कोणी खरोखर चांगलं धावलं की त्याला आगगाडीचं नाव देतात. कविता राऊत सावरपाडा एक्स्प्रेस. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर माणदेशी एक्स्प्रेस. २०१६ ला रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. कोणाला पॅसेंजर म्हणत नाहीत, ही एक उणीव आहे. गावच्या शर्यतीतले बहुसंख्य काका पॅसेंजरच असतात: प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी थांबणारे, क्रॉसिंगला दुसऱ्यांना पुढे जाऊ देणारे, आणि उशिरा का होईना, पोचणारे. सिहोरा रोडलाही सगळ्याच एक्स्प्रेस थांबत नाहीत.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये हे पॅसेंजर फार दिसतात. २०१२ पासून चालणारी ही एकवीस किलोमीटरची शर्यत यवतेश्वराच्या घाटानं कासच्या रस्त्याला चढते आणि तशीच उतरते. २०१५ ला डोंगरी शर्यतीत सर्वाधिक धावकांचा गिनेस विक्रम तिच्या नावावर लागला, २,६१८ माणसं. सातारकरांचं कौतुक हे की ते पावसात घाटाच्या वळणावर ढोल घेऊन उभे राहतात आणि चढानं अर्धमेल्या झालेल्या माणसाला वाजतगाजत वर चढवतात. मुंबई-पुण्याचा माणूस जाताना कंदी पेढे घेऊन जातो. पळून किती कॅलरी गेल्या ते घड्याळात दिसतं. पेढ्यांचं घड्याळाला कळत नाही.

मागे पडणाऱ्यांनी जपानच्या शिझो कानाकुरींचं नाव लक्षात ठेवावं. १९१२ ला स्टॉकहोमच्या कडक उन्हात ते मध्येच थांबले, रस्त्याकडेच्या एका घरी सरबत प्यायले, आणि आयोजकांना न सांगता लाजेनं परस्पर मायदेशी गेले. स्वीडनमध्ये ते बेपत्ता म्हणून नोंदले गेले होते. मराठीत ज्याला पळून जाणं म्हणतात त्याचा हा ऑलिंपिक दर्जाचा नमुना. १९६७ ला स्वीडनवाल्यांनी त्यांना सन्मानानं बोलावून उरलेली शर्यत पुरी करायला लावली. वेळ जाहीर झाली ती अशी: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २० सेकंद. मधल्या काळात लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली असं कानाकुरींनी सांगितलं. प्रत्येक गावच्या शर्यतीत शेवटी येणारा काका घरी जी कारणं सांगतो, त्यांच्यापेक्षा ही निश्चितच वजनदार आहेत.

तो शेवटचा काका आता रस्त्यावर एकटाच आहे. भरतीची पोरं केव्हाच बक्षिसाचं पाकीट घेऊन मोटारसायकलवर तिघं बसून गेली. पोह्यांचं पातेलं उपडं झालं आहे, केळीच्या पेट्यांत साली उरल्या आहेत. वाहतूक सुरू झाली आहे आणि बसवाला काकांना शर्यतीतला भिडू न समजता रस्त्यातला अडथळा समजून हॉर्न देतो आहे. मंडपवाल्यानं समाप्तीच्या कमानीची एक बाजू उतरवली आहे. उरलेली अर्धी कमान वाऱ्यावर ‘स्वागत’ एवढंच म्हणते आहे. सतरंजी गुंडाळणारा पोऱ्या काकांकडे बघतो, मग त्यांच्या मागे बघतो.

मागे रुग्णवाहिका आहे. शेवटच्या धावकाच्या मागोमाग चालायचं असा तिला हुकूम आहे. पहिल्या गिअरमध्ये, दिवा लावून, भोंगा बंद ठेवून ती गेले चार किलोमीटर काकांच्या पाठीशी आहे. काका थांबले की ती थांबते. काका चालले की ती चालते. चालक खिडकीतून डोकं बाहेर काढून मधूनमधून मोठ्या आशेनं विचारतो, “काका, बसताय का?” आणि प्रत्येक वेळी हा प्रश्न ऐकला की काका, अंगात कुठून येतं कोण जाणे, दहा-बारा पावलं पळतात.